अनुसूयाचं तिसरं चिन्ह

अनुसूया माझी निपाणीच्या शाळेतली विद्यार्थिनी. बोलायला मऊ, पण तिच्या वहीत कुणी रेघ ओढली, तर महिनाभर त्याच्याशी बोलायची नाही. आता बेंगळुरूला एचएसआर लेआउटमधल्या एका छोट्या कंपनीत पीएचपी या संगणकभाषेत कोड लिहायचं काम करते.

होसकोट्याच्या एका गोदामासाठी तिने एक वेबपान बनवलं. खोक्यावरचा नंबर कसा असावा, हे तिथले मंजुनाथ त्या पानावर चिन्हांच्या एका ओळीत लिहीत. अशा ओळीला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. ओळ धड आहे की मोडकी, हे अनुसूयाचा कोड आधी पाहायचा. युक्ती साधी होती: ती ओळ रिकाम्या मजकुरावर चालवायची. जुळली तर उत्तर एक, नाही जुळली तरी ओळ धडच, फक्त उत्तर शून्य, आणि ओळच मोडकी असेल तर 'फॉल्स'. मात्र दोन 'बरोबर' चिन्हांनी (==) विचारलं, तर पीएचपी शून्य आणि फॉल्स एकच धरते. तीन असली की दोन्ही वेगळे ओळखते, म्हणून अनुसूयाने तीन चिन्हं घातली होती.

वडिलांच्या वर्षश्राद्धाला ती गावी गेली असताना तिच्या वरच्या सुधींद्रने त्यातलं एक खोडलं. चार मोडक्या ओळी घालून पाहिल्या, चारही नाकारल्या गेल्या, तो खूश. पण मंजुनाथांच्या चांगल्या ओळी रिकाम्या मजकुराशी न जुळून शून्य देत, आता त्याही नाकारल्या जाऊ लागल्या आणि गोदाम अडलं. सुधींद्रने मालकीण आसावरीला सांगून टाकलं, "अनुसूयाचा कोड आहे." अनुसूया परतली त्या सकाळी आसावरीने सगळ्यांसमोर ते काम तिच्याकडून काढून घेतलं.

चूक तिला पाच मिनिटांत सापडली. पण ती एवढंच म्हणाली, "मॅडम, सुधींद्रसरांनी गोदामातच दुरुस्त करून दाखवावं. मीही येते, शिकायला मिळेल."

गोदामात सुधींद्रने स्वतः ओळ लिहिली. पानावर उमटलं: चुकीची. पुन्हा लिहिली. चुकीची.

"स्वल्प सावकाश, सार," मंजुनाथ म्हणाले. "दोन दिवस थांबलोय, अजून दोन थांबू."

"अहो, ओळ बरोबर आहे!"

"फोनवर मीही तेच सांगत होतो. तुम्ही म्हणालात, आधी लिहायला शिका."

आसावरी हाताची घडी घालून उभी होती. नवव्या खेपेला सुधींद्रचा शर्ट पाठीला चिकटला. "अनुसूया, जरा बघ ना."

"माझ्याकडे हे काम नाही, सर."

"बघ," आसावरी म्हणाली.

अनुसूयाने लॅपटॉपला हातही लावला नाही. "बदलांची नोंद उघडा सर. मोठ्याने वाचा."

त्याने वाचलं. तारीख, स्वतःचं नाव, आणि स्वतःचाच शेरा: 'तीन कशाला? अनुसूयाअक्काला उगाच घाबरायची सवय आहे.' मंजुनाथ खोकल्याच्या निमित्ताने हसले. मग खोडलेलं चिन्ह तिने त्याच्याच बोटांनी परत घालायला लावलं. काम तिथेच तिच्याकडे परत आलं.

हे सांगताना ती माझ्याकडे शांतपणे शेंगा सोलत बसली होती. मी म्हटलं, "बाळ, पहिल्याच खेपेला सांगितलं असतंस तर?"

"तर त्यांची एकदाच फजिती झाली असती, बाई."