उरलेला हार

लवू पेंटरला सारं मुलुंड भांडखोर म्हणायचं. म्हणू दे. फाळणीनंतर आमच्या इथल्या छावणीतली निर्वासित पोरं नुसती भिंतीकडे बघत बसायची, तेव्हा त्यांच्या हातात ब्रश देणारा हा एकटाच होता. दुकानांच्या पाट्या रंगवून उरलेला रंग तो त्यांना द्यायचा आणि वर दम भरायचा, “कॅलेंडरातले देव उतरवून काढलात तर हात मोडीन. जे बघितलंत ते काढा.”

एक्कावन्न साली त्याने वाचनालयात त्यांचं प्रदर्शन भरवलं, तेही भांडूनच. आमचे कार्यवाह शरच्चंद्र कर्णिक नाक मुरडत होते. “माणसाचं तोंड निळं असतं काय रे?”

उद्घाटनाला कर्णिकांनी सरस्वतीच्या तसबिरीला हार घातला. एक हार हातात उरला. शेजारी मोहिनी नावाच्या सिंधी मुलीचं चित्र होतं. कराचीच्या धक्क्यावर गर्दीत हरवलेला भाऊ तिने रंगवला होता. कर्णिकांनी कुणाला विचारलं नाही. डोळे मिटून हात जोडले आणि हार त्या चित्राला घालून मोकळे झाले.

मोहिनीची आई किंचाळली. चार वर्षं ती त्या पोराची वाट बघत होती.

लवूने हार ओरबाडून काढला आणि संतापून आपल्या मालवणीवर आला. “तो मेलो म्हणान तुका कोणी सांगल्यान?”

समोरच्या भिंतीवर कर्णिकांचाच फोटो होता. लवूने तोच हार त्या फोटोवर चढवला.

“अरे, मी जिवंत आहे!” कर्णिक ओरडले.

“मग तो पण असतलो,” लवू म्हणाला.