नंदाचा अर्धा गुण

एका रशियन ग्रँडमास्टरशी मी बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सोडवला, ही गोष्ट माझ्या तोंडून न ऐकलेला माणूस मुलुंडमध्ये सापडणं कठीण. सासरच्यांनी ऐकलीय, शाळेतल्या सहकाऱ्यांनी ऐकलीय, एकदा दाढ काढायला गेले होते तर डॉक्टरांनाही – तोंड बधिर व्हायच्या आत – सांगून घेतली होती. पण मी जी गोष्ट सांगते तिच्या अलीकडे एक तुकडा आहे आणि पलीकडे एक. ते दोन्ही मी आजवर गिळले. नवऱ्यालासुद्धा सांगितले नाहीत. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही नंदाला ओळखत नाही, म्हणून असेल.

पण थांबा, आधी ओव्हसाहेब. त्यांच्याशिवाय काहीच समजायचं नाही.

त्यांचं आडनाव 'ओव्ह'ने संपायचं आणि त्याच्या आधी जे काही होतं ते आमच्या बुद्धिबळाच्या क्लबात कुणाच्या जिभेला झेपायचं नाही, म्हणून ओव्हसाहेब. मला मात्र पूर्ण नाव म्हणता यायचं आणि मी ते संधी मिळेल तिथे म्हणून दाखवायचे. रशियन पुस्तकं त्या वेळी फुटपाथवर भाजीच्या भावात मिळायची. त्यातली बुद्धिबळाची वाचता यावीत म्हणून मी कॉलेज सुटल्यावर थेट फोर्टात रशियनच्या वर्गाला जायचे. माझ्या वयाच्या मुलींनी भिंतीवर नटांचे फोटो लावले होते. मी एका टक्कल पडलेल्या, भुवया जुळलेल्या माणसाचा लावला होता. आई विचारायची, हे कोण, तुमचे मास्तर का?

त्यांची कारकीर्द सांगायला लागले की आजही माझं भान सुटतं. इतर पोरं दुधाचे दात पडायच्या आत हा खेळ शिकतात, हे मिसरूड फुटताना शिकले – रेल्वे कामगारांच्या क्लबात, थंडी वाजते म्हणून आत शिरले होते! आणि तिथून थेट देशाच्या अजिंक्यपद स्पर्धेपर्यंत. ती स्पर्धा म्हणजे साधं काम नव्हे बरं का, तिथे जगज्जेतेही मधल्या नंबरावर आपटायचे. ओव्हसाहेब तिथे वर्षानुवर्षं खेळले. कधी पहिले आले नाहीत आणि कधी शेवटचे आले नाहीत. कारण त्यांना हरवणं म्हणजे कर्मकठीण. एक प्यादं घ्या, दोन घ्या, माणूस हत्ती घेऊन कोपऱ्यात बसणार आणि डाव बरोबरीत सोडवणार. दोन जगज्जेत्यांनी त्यांच्यापुढे डोकं आपटून घेतलं होतं. लोक म्हणायचे, हा खेळाडू कंटाळवाणा आहे. मला ते ऐकून राग यायचा. हरायचं नाही, हे कंटाळवाणं कसं?

आणि त्यांच्या आयुष्यातला तो प्रसंग. जगज्जेत्याला आव्हान देणाऱ्यांच्या यादीत जायची संधी त्यांच्या दारात एकदाच आली. शेवटची फेरी, हातात चांगला डाव, जिंकला की यादीत नाव. समोर लहानपणचा मित्र, नुकताच आजारातून उठलेला, हरला असता तर संघातूनच बाहेर पडला असता. ओव्हसाहेबांनी पटावरून हात पुढे केला आणि बरोबरी देऊ केली. अर्ध्या गुणाने मुकले – जिंकलं तर एक, बरोबरी झाली तर अर्धा, असा आमचा हिशेब असतो. पुन्हा ती संधी आली नाही. हे पुस्तकात वाचून मी रडले होते. लक्षात ठेवा हं, मी रडले होते.

आता नंदा. नंदा माझ्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. आम्ही दोघी एका पटावर शिकलो. मी पुस्तकं वाचून खेळायचे, नंदा वाचायचीच नाही. 'तू पाठ कर गं, मी बघते,' म्हणायची आणि बघून खेळायची. कोण जास्त चांगली? मी हा प्रश्न इतकी वर्षं टाळलाय – आताही टाळू का? नंदा चांगली होती. बरीच.

तिचे अप्पा मूळ मालवणकडचे, संपात गिरणी गेल्यापासून एका गोदामावर लागलेले. माणूस वाईट नव्हता. पण नंदासाठी स्थळं यायला लागली होती आणि त्यांच्या डोक्यात एकच घोळत होतं, की या खेळात मुलीचं काय भलं होणार? त्याच सुमारास बातमी आली – ओव्हसाहेब मुंबईत येतायत आणि एक संध्याकाळ मुलुंडला, पाच रस्त्याजवळच्या हॉलमध्ये, एकाच वेळी आमच्या सगळ्या क्लबाशी खेळणार! मला दोन दिवस जेवण गेलं नाही. अप्पांनी नंदाला सांगून टाकलं, "त्या रशियनाक हरव असा मी म्हणणय नाय. पण हरान इलंस तर हो खेळ थंयच ठेवन ये." नंदा हसत हसत मला हे सांगायला आली – बरोबरी चालेल, पण हरले तर खेळ बंद. मला माहीत होतं की ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

तर बघा, एका मुलीला एक अर्धा गुण हवा होता. आणि मला? मलाही हवाच होता. पण मला तो एकटीला हवा होता.

ती संध्याकाळ! हॉलमध्ये टेबलं चौकोनात मांडलेली, बाहेरच्या बाजूला आम्ही, आतल्या बाजूला ते एकटे. अंगात तपकिरी कोट, मुंबईच्या उकाड्यात. पाच मिनिटांत तो कोट क्लबाच्या सेक्रेटरींच्या हातात आणि ओव्हसाहेब बाह्या वर करून भिडले. इंग्रजी म्हणाल तर 'गुड' आणि 'थँक यू', त्यामुळे दुभाषी मी. खेळाडूही मी आणि दुभाषीही मी – सांगा, माझ्या डोक्यात किती हवा गेली असेल? त्यांनी वडा खाल्ला, ठसका लागला, मी रशियनमध्ये 'पाणी' म्हणाले आणि अख्खा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मिरचीचं रशियन मला येत नव्हतं म्हणून 'लाल वाईट भाजी' असं काहीतरी म्हणाले. ते खळखळून हसले. भिंतीवरचा फोटो हसत होता हो!

नंदा माझ्या शेजारच्या टेबलावर. ते फेरी मारत आले की आपण चाल करायची, ते क्षणभर बघणार, उत्तर देणार, पुढे जाणार. हळूहळू लोक हार मानून राजे आडवे करत उठायला लागले. क्लबातले मोठमोठे वाघ गेले. खेळाडू कमी होत गेले तशी त्यांची फेरी लवकर लवकर यायला लागली. मी त्यांच्याच एका जुन्या डावाची नक्कल मारत होते, चालीला चाल. त्यांना ते कळलं, भुवई वर गेली, मजा वाटली असणार. आणि नंदा? नंदाकडे एक प्यादं कमी, पटावर दोघांचा एकेक हत्ती. हरलेलाच डाव म्हणा – पाहणाऱ्याला. पण तिचा हत्ती आपल्या बाजूच्या तिसऱ्या ओळीवर ठाण मांडून बसला होता. त्यांच्या राजाला पुढे येऊच देत नव्हता. ही युक्ती पुस्तकात आहे. ओव्हसाहेबांनी याच युक्तीने एका जगज्जेत्याला अडवलं होतं. नंदाने ती कुठेही वाचलेली नव्हती. नुसती बघून शोधली होती, आणि यात बरोबरी होते हे तिला स्वतःला ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक होतं.

ओव्हसाहेब तिच्यापुढे थांबले. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. मग किंचित वाकून, अगदी आदराने, म्हणाले, "निच्या?"

निच्या. रशियनमध्ये निच्या म्हणजे बरोबरी. त्या माणसाने जन्मात सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला शब्द असेल तो. माझ्या वर्गात शिकवला नव्हता, तरी मला पहिल्या दिवसापासून येत होता. दुभाषी शेजारी बसलीय म्हणून ते बिनधास्त आपल्या भाषेत बोलले.

नंदाने माझ्याकडे वळून कुजबुजत विचारलं, "नीच म्हणाला का गं मला?"

आम्ही दोघी हसलोच असतो. एरवी हसलोच असतो, पोट धरून. तो क्षण मला अजून दिसतो – तिचा चेहरा हसायच्या तयारीत, डोळे माझ्यावर. आणि माझ्या डोक्यात काय आलं? तिला अर्धा गुण मिळाला, तर माझा दुसरा ठरेल. एवढंच. दुसरं काहीही नाही. मी म्हणाले, "डाव गेलाय म्हणतायत. सोड म्हणतायत."

तिने पटाकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस सांगतोय म्हटल्यावर ती कशाला वाद घालेल? तिने राजा आडवा केला आणि उभी राहून हात पुढे केला.

ओव्हसाहेबांना कळेना. त्यांनी आडव्या राजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पचेमू?" म्हणाले. म्हणजे, का? मी रशियनमध्ये सांगितलं, ती थकलीय. त्यांनी नंदाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. तिला वाटलं हा सज्जनपणा. ती अजून सांगते, काय सज्जन माणूस होता.

मग ते माझ्या पटापाशी आले, मी चाल केली. त्यांनी बघितलं आणि म्हणाले – निच्या? तोच शब्द. नंदा माझ्या खुर्चीच्या मागे उभी. मी "दा, दा!" – हो, हो – म्हणत उठले, हॉलकडे वळून "ड्रॉ!" म्हणून ओरडले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिली टाळी नंदाची होती. सगळ्या क्लबात मी एकटी. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, माझं नाव चुकीचं छापून. तरी अप्पांनी पेढे आणले. मुलीचं खेळणं बंद करून शेजारच्या मुलीच्या कौतुकाचे पेढे.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, वय लहान होतं, जोशात जीभ घसरली. असं समजू नका. पलीकडचा तुकडा अजून राहिलाय.

हॉलमधून आम्ही दोघी चालत निघालो. मी बडबडत होते, उड्या मारत होते म्हणा ना. भाजीवाल्यांच्या रांगेशी नंदा थांबली आणि म्हणाली, "ए, तो मला जे म्हणाला तेच तुला म्हणाला ना? निच्या?"

ती रागावलेली नव्हती. नुसती विचारत होती, जसं पटावर बघायची तसं बघत. हॉलला कुलूप लागलं नव्हतं. ओव्हसाहेब आतच होते, फोटो काढून घेत होते. मागे वळून चार पावलं चाललो असतो तर सगळं तिथल्या तिथे सरळ झालं असतं. हे मला तेव्हा कळत होतं का? कळत होतं. माझं डोकं अगदी थंड होतं. मी म्हणाले, "शब्द तोच गं. पण रशियनमध्ये सुरावर अर्थ बदलतो. तुला खालच्या सुरात म्हणाले, मला वरच्या."

"असं होय," ती म्हणाली. मग तिने एक जुडी कोथिंबीर घेतली.

तिचा पट पुढे आमच्याकडेच राहिला. तिला घरी ठेवायचा नव्हता. त्याच वर्षी लग्न होऊन ती बोरिवलीला गेली. आम्ही अजून मैत्रिणी आहोत. सणावाराला येते, माझ्या नातवाला मांडीवर घेते आणि त्याला माझी गोष्ट सांगते – माझ्यापेक्षा छान सांगते. वड्याचा ठसका, लाल वाईट भाजी, सगळं. 'मला मेल्याने नीच म्हटलं आणि तुझ्या आजीला तेच म्हणून बरोबरी दिली,' म्हणते आणि सगळे हसतात. मग नातवाला समजावते, "रशियनमध्ये ना बाळा, सुरावर अर्थ बदलतो." हे म्हणताना ती माझ्याकडे बघते. ते बघणं कसलं आहे, हे मला आजवर वाचता आलेलं नाही. तिला कळलेलं आहे का? मी कधी विचारलं नाही. दर वेळी मान डोलावते आणि चहा टाकायला उठते.

ओव्हसाहेब गेले तेव्हा पेपरात त्यांची कारकीर्द छापून आली होती. भारतातल्या त्या संध्याकाळचा उल्लेख अर्थातच नव्हता. पण मुलुंडच्या क्लबात तो निकाल अजून लोकांच्या तोंडी आहे – सगळे हरले, एक बरोबरी. तो खोटा आहे. बरोबऱ्या दोन होत्या, आणि पहिली नंदाची.

रशियनमध्ये सुरावर अर्थ बदलत नाही. निच्या म्हणजे बरोबरी, कुठल्याही सुरात म्हणा.