कासिमिरोची मंदावलेली कुंबिया

मेक्सिकोतल्या मोंतेरे शहराच्या डोंगरउतारावरच्या त्या वस्तीत कुणाचं लग्न असो की वाढदिवस, अंगणात कर्णे लागायचे ते कासिमिरोचेच. कुंबियाची नाचायची गाणी लावायची आणि ती वाजत असताना लोकांनी एकमेकांना पाठवलेले सलाम माइकवरून वाचायचे, यात त्याचा जन्म गेला होता. खरं सांगायचं तर लोकांना गाण्यापेक्षा आपलं नाव ऐकायचीच हौस जास्त.

माणूस गुणी, पण उतावळा. 'नवी सिस्टिम घ्या' म्हणून लॅपटॉप महिनाभर मागे लागला होता. तोमासा आजींच्या वाढदिवसाच्या सकाळीच याने वैतागून 'हो' दाबलं. झालं! लॅपटॉप इतका मंदावला, की संध्याकाळी गाण्यांचं सॉफ्टवेअर उघडेपर्यंत मक्याच्या पिठाचे एक घाणा तामाले शिजून झाले असते.

आजींची लेक निनफा कंबरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "मागच्या खेपेला मध्येच बंद पडलास. आजही फजिती केलीस ना, तर नातवाच्या बाप्तिस्म्याला दुसऱ्याला बोलावीन!"

"अगं, मस्त चाललंय," कासिमिरो म्हणाला. पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं.

वेळ काढायला त्याने सलाम वाचायला घेतले. तेही संपले, तेव्हा मनाचे ठोकून दिले. "कोपऱ्यावरच्या खाटकाकडून त्याच्या सासूबाईंना प्रेमाचा सलाम!"

"मी कधी दिला रे?" खाटीक ओरडला. अंगणभर हशा पिकला.

तेवढ्यात गाणं सुरू झालं. पण कसलं गाणं! ताल रेंगाळलेला, गायकाचा आवाज विहिरीत पडल्यासारखा जड. कासिमिरोला घाम फुटला. त्याने बंद करायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस! रेबाहादा आहे!" कुणीतरी ओरडलं.

मुद्दाम संथ केलेल्या या कुंबियाचं वेड वस्तीला जुनंच होतं. कासिमिरो मात्र नाक मुरडायचा. 'धडधाकट गाण्याला ताप कशाला आणायचा?' म्हणायचा. आता त्याच्याच कर्ण्यांसमोर लोक रिंगण धरून डुलायला लागले होते.

खुब्याच्या ऑपरेशनपासून तोमासा आजी खुर्चीत बसून दुसऱ्यांचे नाच बघायच्या. त्यांनी काठी बाजूला ठेवली, लेकीचा हात धरला आणि उठल्या. हळूहळू पावलं टाकत रिंगणात गेल्या.

"मेल्या," त्या नाचता नाचता म्हणाल्या, "आज कुठे माझ्या पायांना झेपेल असं वाजवलंस!"

कासिमिरोचा जीव भांड्यात पडला. आजींना सलाम द्यायला त्याने माइक उचलला.

गाणं संपल्यावर निनफा डोळे पुसत आली. "बाप्तिस्म्याला हेच यंत्र आण," तिने दम भरला. "दुरुस्त करून आणलंस तर बघ!"