सकाळच्या आकड्यांचा नियम

सोमवारी सकाळी सात वाजून सत्तावीस मिनिटांनी बद्रीनाथ शेजूळ यांनी पांढऱ्या लाकडी पेटीचं झडपांचं दार उघडलं आणि श्वास रोखला. माणसाच्या श्वासानं पारा हलतो. कोरडा तापमापी २४.६. शेजारचा, मलमलीची ओली चिंधी गुंडाळलेला, २२.१. दोन्ही आकडे नोंदवहीत गेले, पुढं सही. घड्याळात सात सत्तावीस होतात तेव्हा सूर्याच्या हिशोबानं बदनापुरात सात वाजलेले असतात. वेधशाळेचं काम सूर्याच्या वेळेवर चालतं.

मग खिशातून निळ्या पुठ्ठ्याची दुसरी वही निघाली. तेच आकडे तिच्यातही लिहिले गेले.

शेजूळ सत्तावन्न वर्षांचे आहेत. गावाबाहेरच्या शेतकी केंद्रातल्या या छोट्या वेधशाळेत ते निरीक्षक आहेत. निवृत्तीला दीड वर्ष उरलं आहे. पत्नी उषाबाई तीन वर्षांपासून पुण्यात मुलाकडं असतात, नातवंडासाठी. निळ्या वह्या आतापर्यंत एकवीस झाल्या. त्यांत काय आहे, हे बदनापुरात एकाच माणसाला माहीत आहे, आणि त्या माणसाला गणित आवडत नाही.

वह्यांमधला प्रश्न अकरावीतला आहे. एखादी संख्या दहाचा कितवा घात आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे तिचा लॉग. शंभर हा दहाचा दुसरा घात, म्हणून शंभरचा लॉग दोन. दोन संख्यांच्या गुणाकाराचा लॉग हवा असेल तर त्यांच्या लॉगांची बेरीज करायची, भागाकाराचा हवा असेल तर वजाबाकी. संख्यांची बेरीज केली तर मात्र नियम नाही. का नाही, असं शेजूळ यांनी वर्गात विचारलं होतं. "नाही म्हणजे नाही, पुढं लिही," असं उत्तर मिळालं. बारावीनंतर शिक्षण थांबलं. प्रश्न अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी पुन्हा वर आला, तापमापीचे दोन आकडे समोर असताना.

त्यांनी काढलेला नियम असा. दोन संख्यांच्या लॉगांची बेरीज करून निम्मी करा. तीत ०.३०१० मिळवा, तो दोनचा लॉग. मग दोन लॉगांमधल्या फरकाचा वर्ग करा, त्याला ०.२८८ नं गुणा आणि तेही मिळवा. आलेलं उत्तर म्हणजे बेरजेचा लॉग. सोमवारचे आकडे घेतले तर उत्तर १.६६९३ येतं. २४.६ आणि २२.१ मिळून ४६.७, आणि चार अंकी लॉग टेबलात ४६.७ पुढं १.६६९३ हेच आहे. ०.२८८ या आकड्यावर पोचायला चार वर्षं गेली. त्यानंतर दोन हजार तीनशेहून जास्त सकाळी नियम तपासला गेला आणि एकदाही चुकला नाही. चौथ्या अंकात एकाचा फरक पडला तर ते सोडून देत. टेबलातच तेवढी काटछाट असते.

तीन प्राध्यापकांना त्यांनी पत्रं पाठवली. एकाचं उत्तर आलं. त्यात अभिनंदन होतं, नियमाबद्दल काही नव्हतं.

ऑगस्टमध्ये जालन्याच्या एका कॉलेजची सहल वेधशाळा पाहायला आली. गणिताच्या प्राध्यापिका जान्हवी देशमुख यांना टेबलावर लॉग टेबल दिसलं. हे अजून कोण वापरतं, असं त्यांनी विचारलं. शेजूळ यांनी सांगितलं. "वही घेऊन या काका, बघू," असं त्या म्हणाल्या. शेजूळ यांनी दोन महिने वहीची स्वच्छ प्रत काढली.

दहा वाजता सहकारी भुजंग कामावर आला. दुपारची नोंद त्याच्याकडं असते, त्या वेळी शेजूळ प्रयोगाच्या वाफ्यांवर असतात.

"भाऊ, इस्त्रीचा शर्ट? सोयरीक पाहायला चालले का?"

"जालन्याला चाल्लोय. मॅडमकडं."

"त्या लॉगवाल्या? बरोबर निघालं तर पगार वाढतो का?"

"न्हाई."

"चूक निघालं तर कापतेत का?"

"न्हाई."

"मंग बिलकुल टेन्शन घेऊ नका."

अर्ज टाकून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. पॅसेंजर वीस मिनिटं उशिरा आली. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये जान्हवी यांनी वही पहिल्या पानापासून वाचली. शेजूळ खुर्चीच्या कडेवर बसून होते. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही.

"०.२८८ कुठून आणला?" जान्हवी यांनी विचारलं.

"घासून घासून काढला, मॅडम."

"आकडा बरोबर आहे. नीट काढला तर ०.२८७८ येतो. पण हे जुनं आहे काका. दोन-तीनशे वर्षांपूर्वीचं गणित आहे."

"पण बराबर हाय ना?"

त्यांनी कोरा कागद ओढला. "एक आणि शंभर घेऊन करा."

शेजूळ यांनी केलं. एकचा लॉग शून्य, शंभरचा दोन. निम्मी बेरीज एक. अधिक ०.३०१०. फरक दोन, त्याचा वर्ग चार, गुणिले ०.२८८. एकूण २.४५३०. लॉगवरून संख्या देणाऱ्या उलट टेबलात पाहिलं. २८३.८.

ते कागदाकडं पाहत राहिले. एक आणि शंभर मिळून दोनशे त्र्याऐंशी पूर्णांक आठ.

"संख्या एकमेकींच्या जवळ असतील तरच चालतं," जान्हवी म्हणाल्या. "तुम्ही तपासलेल्या सगळ्या जोड्या जवळच्याच आहेत. हे आकडे सकाळचेच का?"

"हो. सकाळी हवा दमट असते, कोरडा-ओला लांब जात न्हाईत."

"आणि दुपारी?"

"दुपारची नोंद भुजंग घेतो."

"मग त्याचे आकडे का नाही घेतले? नोंदवही तर एकच."

"आपण न पाहिलेला आकडा आपण वापरत न्हाई, मॅडम. निरीक्षकाचं तसंच असतं."

जान्हवी यांनी वही मिटली. शेजूळ यांनी विचारलं, "मंग कुठंवर बराबर हाय?"

"ते वहीत नाही. खरं तर तेच असायला हवं होतं." त्यांचा तास होता. त्या गेल्या.

जालन्याच्या फलाटावर शेजूळ यांनी, अकरा वर्षांत पहिल्यांदा, भुजंगची एक नोंद आठवून वहीत लिहिली. मे महिन्यातली दुपार, कोरडा ४१.२, ओला २२.४. नियमानं १.८०३७ आलं, टेबलात १.८०३५. चौथ्या अंकात दोनाचा फरक. त्याखाली त्यांनी कंसात लिहिलं, "स्वतः पाहिलेले नाही."

संध्याकाळी उषाबाईंचा फोन आला.

"गेल्ते का जालन्याला?"

"गेल्तो."

"काय म्हणल्या?"

"चुकलंय म्हणल्या."

"सगळंच?"

"सगळं न्हाई. थोडं उरलंय."

तिकडं मूल रडायला लागलं. "जेवा वेळेवर," असं म्हणून उषाबाईंनी फोन ठेवला. शेजूळ यांनी त्यानंतर भुजंगला लावला.

"उद्यापासून दुपारचं मला दे."

"अकरा वर्षं सकाळला कोणाला हात लावू दिला न्हाई, आन आता दुपार?" भुजंग म्हणाला. "मला लवकर उठावं लागन."

"साडेसहाला उठलं तरी जमतं."

"किती दिवस?"

"मे संपस्तोर."

"साहेबांना तुम्ही सांगा मंग," भुजंग म्हणाला.

केंद्रप्रमुख साहेबांनी फोनवर हो म्हटलं. केंद्राच्या फळ्यावरचा कामाचा तक्ता रखवालदारानं रात्री आठच्या आधी बदलला. मंगळवारी दुपारी दोन वाजून सत्तावीस मिनिटांच्या नोंदीपुढं आता बी. के. शेजूळ हे नाव आहे.