मामांच्या यादीतून कुणी जात नाही

माझ्या बायकोच्या मामांइतकी माणसं अख्ख्या बोरिवलीत कुणी ओळखत नसेल, आणि त्यातल्या एकाचंही नाव त्यांना वेळेवर आठवत नाही. अंधेरीच्या एका कंपनीत बत्तीस वर्षं प्रोग्रॅम लिहून ते रिटायर झाले आणि ही खोड झाकायला घरच्या कॉम्प्युटरवर त्यांनी स्वतःची यादी बांधली. प्रत्येक माणसाची एक नोंद. तुमच्याआमच्या यादीत नाव, पत्ता, फोन एवढेच रकाने असतात. मामांच्या नोंदीत 'शिंक', 'चहात साखर', 'कोणाशी बोलत नाही' असलेही असतात. वरच्या चौकटीत कुठलाही शब्द टाका, तो ज्यांच्या नोंदीत कुठेही असेल ती माणसं पडद्यावर हजर, बाकीची गायब. एकदा नळ बिघडला म्हणून मामांनी 'गळ' एवढंच टाइप केलं. प्लंबर आला, गळ्यात माळ घालणारे दोन शेजारी आले आणि मीही आलो. माझ्या नोंदीत 'डोकं: केस गळतात' असं होतं. मी तोंड वाकडं केलं, तर म्हणाले, "जावईबापू, खोटं लिहिलंय का सांगा!" जिन्यात कुणी "काय मामा, बरंय ना?" म्हणालं की मामा तोंडभर हसतात, घरात पळतात, 'मोठ्याने शिंकतो' टाकून नाव शोधतात आणि नावानिशी चौकशी करायला परत खाली येतात. तोवर तो माणूस मालाडला पोचलेला असतो.

यादीतून नोंद काढायची नाही, हा त्यांचा कायदा. "शोधलं की बाकीची माणसं जात नाहीत हो, नुसती दिसत नाहीत," हे त्यांनी मला पन्नासदा तरी ऐकवलंय. मामींना जाऊन चार वर्षं झाली, तरी त्यांच्या नोंदीत मामा आठवेल तसं लिहीत असत. फक्त पत्त्याचा रकाना त्यांनी रिकामा केला होता.

मामांच्या पंचाहत्तरीला बोरिवलीतली माणसं बोलवावीत म्हणून मी 'बोरिवली' टाकलं. सत्तरएक नावं आली. हुशारी करून मी तेवढीच यादी जुन्या यादीवर सेव्ह केली, आणि बाकीची सातआठशे माणसं पुसली गेली. बॅकअपवरून आयुष्यभर ऑफिसला झापणाऱ्या मामांनी स्वतः एकदाही बॅकअप घेतला नव्हता.

"काय केलंस तू?" मामा म्हणाले. लग्नापासून ते मला 'तुम्ही' म्हणत आले होते. मामींचा पत्ता रिकामा होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मामांनी मामींचं नाव टाकलं. मामी होत्या! एका रकान्यात लिहिलं होतं, 'मोठं भांडण: गोराईच्या बोटीत. बोरिवलीपर्यंत अबोला.'

मामा हसायला लागले, ते थांबेचनात. मग चष्मा काढून पुसत बसले. "भांडली म्हणून राहिली बघ," म्हणाले. "चल, आता बाकीच्यांना शोधू. फोन लाव."

पुढचे दोन महिने दर रविवारी आम्ही उरलेल्यांकडून बाकीच्यांचे नंबर मिळवून फोन करत होतो. एकेक माणूस तासभर बोलायचा आणि नोंद पूर्वीपेक्षा लांब व्हायची. माझ्या नोंदीतही एक नवा रकाना आलाय: 'सेव्ह करू देऊ नये.' मला त्याचा राग नाही. मला ती माणसं आवडायला लागली आहेत, आणि मामा तर कधीचेच आवडतात.

परवा मामा चहा टाकायला आत गेले, तेव्हा मी हळूच मामींची नोंद उघडली. पत्त्याचा रकाना भरलेला होता. तिथे मामांनी लिहिलं होतं, 'बोरिवली'.