ठोकेकाकांचा शेवटचा भोंगा

ठोकेकाकांचं डोकं सकाळपासून फिरलं होतं, आणि कारणही तसंच होतं. एकतीस वर्षं या माणसानं पितळी पत्रा ठोकून ट्रम्पेटचे भोंगे घडवले. डावा कान त्यातच कामातून गेला. आणि कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ट्रम्पेटवर नाव असायचं ते दूरच्या एका बड्या कंपनीचं, जिनं उभ्या जन्मात साधा खिळा ठोकला नव्हता. ते नाव कोरायची काकांचीच बायको. दोघं नवराबायको एका छपराखाली राबायची, आणि मोठा व्हायचा तिसराच.

महिनाअखेरीला काका निवृत्त होणार होते. मालकानं कबूल केलं होतं, "काका, शेवटच्या ट्रम्पेटवर तुमचं नाव. खुशाल घरी न्या." तेव्हापासून काकू जेवणाच्या सुट्टीत पत्र्याच्या तुकड्यांवर नवऱ्याचं नाव गिरवत होत्या. त्यातलं एक अक्षर काही केल्या त्यांच्या मनासारखं वळत नव्हतं.

आज कंपनीची माणसं कॅमेरा घेऊन आली. नव्या माहितीपत्रकात त्यांना 'आमचे कसलेले कारागीर' असा फोटो छापायचा होता. कारागीर त्यांनी सोबतच आणला होता. पांढरी दाढी, इस्त्री केलेला ॲप्रन, नाटकात कामं करणारा माणूस. त्याला काकांच्या जागेवर बसवलं, हातात काकांचा हातोडा दिला, पुढ्यात काकांचा शेवटचा भोंगा ठेवला.

"चेहरा झकास," फोटोवाला म्हणाला, "पण हात फारच गुळगुळीत आहेत. हात या काकांचे घेऊ."

"काका, या जरा," मालक म्हणाला.

काकांनी दोन्ही हात खिशात घातले. "चेहरा त्याचा, नाव त्यांचं, आणि हात तेवढे माझे? जमणार नाही."

"अहो, दोन मिनिटांचं काम."

"एकतीस वर्षं दिलेत की हात. आता बास."

मालक चिडला. "मग त्या ट्रम्पेटचं विसरा. तोही कंपनीच्याच नावानं जाईल."

"जाऊ दे." काका फाटकाकडे निघाले. "एवढंच सांगतो, भोंगा अजून तापवून नरम केलेला नाही. त्यावर घाव घालू नका, तडकेल."

पण कंपनीच्या माणसांना फोटोत खरा घाव हवा होता. काका फाटकापाशी पोचले असतील नसतील, मागून ठोकल्याचा आवाज आला. पहिला घाव बरा वाजला. दुसरा बद्द वाजला. काका जागच्या जागी थांबले. चीर कडेला गेली की पत्र्याच्या जोडावर, तेही त्यांना चांगल्या कानानं कळलं, आणि घरी पोचेपर्यंत ते त्या दाढीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिले.

संध्याकाळी काकू आल्या. पिशवीतून त्यांनी फुटका भोंगा काढून पाटावर ठेवला.

"भंगारात टाकला होता," त्या म्हणाल्या. "फुटक्या मालावर त्यांचं नाव चालत नाही म्हणे. मी विचारून घेतला." मग पिशवीतून कोरायची छिन्नी काढून म्हणाल्या, "अहो, ते अक्षर आता नीट वळतंय. कोरू का?"

काकांनी चिरेवरून अंगठा फिरवला. जोडावरच गेली होती.

"फुटक्या मालावर माझंही नाव चालत नाही," ते म्हणाले. "ठेव ती छिन्नी खाली."