फोटोतली बोटं

"काढ तो एप्रन. साहेबाले घालाचा असते. तुया घामाचा वास बसते त्याले."

एक्स-रे काढणारा हे बोलला तेव्हा खोलीत पेशंट होता, त्याची बायको होती आणि दाराशी मॅडम, म्हणजे डॉक्टरसाहेबांची बायको, उभ्या होत्या. मी शिशाचा तो जड एप्रन काढला आणि खुंटीला लावला. वर्ध्यातल्या हाडांच्या दवाखान्यात माझा तो पहिलाच आठवडा. मला राग यायला हवा होता. आली ती लाज.

एप्रन दोन. एक साहेबांचा, एक एक्स-रेवाल्या भाऊचा. ते रोज ओल्या फडक्यानं पुसायचे मीच. पुसायला माझे हात चालत होते. घालायला माझं अंग चालत नव्हतं. पहिल्याच दिवशी आडनाव ऐकून मॅडमनी मला पाण्याचा जार दाखवला नाही, मागचा नळ दाखवला. तेव्हाच कळायला हवं होतं. पण सेलूकडून बसनं येणारी बाई मी, नवरा वारलेला, पोरगी शाळेत. गप बसले.

माझं काम धरायचं. रडणारं पोर, थरथरणारा म्हातारा, हायवेवरच्या जाम गावच्या चौकात गाडीनं उडवलेला गडी. "मावशी, धर" म्हणायचे आणि सगळे बाहेर जायचे. दार बंद. वर लाल दिवा. आत पेशंट आणि मी. ऑपरेशनमध्येही तेच. साहेब एप्रन आणि जाड चष्मा चढवून काम करायचे, एक्स-रेचं मशीन चालू असायचं, आणि मी पेशंटचा पाय ओढून तशीच उभी. दहाएक वर्षं हे चाललं. माणसांनी भरलेल्या त्या दवाखान्यात, बंद दाराआड, मला फार एकटं वाटायचं. हे सांगायचं तरी कुणाला?

कधी कधी फोटोत पोराच्या हाताशेजारी माझ्या बोटांची हाडं यायची. एका बापानं विचारलं, "हे बोटं कोनाचे आहे?"

"मावशीचे. काई नाई," भाऊ म्हणाला.

बापानं फोटो पाकिटात घातला आणि घरी नेला. कुठल्या कुठल्या गावांत, कुणाकुणाच्या कपाटात माझी हाडं पडली असतील. नाव मात्र कुणालाच माहीत नाही.

मग डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं. बसची पाटी वाचता येईना. साहेबांना सांगितलं. म्हणाले, "चुलीचा धूर. तुमच्याकडे अजून चूलच असते ना?" माझ्या घरी गॅस आहे.

सरकारी दवाखान्यात गेले. डोळ्यांची डॉक्टरीण माझ्या पोरीहून थोडीच मोठी. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे," ती म्हणाली. "चाळिशीसुद्धा झाली नाही तुमची. काम काय करता?"

एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. ती लिहिता लिहिता थांबली.

"एक्स-रेमुळेही असं होतं. तुमचं त्यानंच झालं, हे मी खात्रीनं नाही सांगू शकत. पण तुम्हाला एप्रन नव्हता? शिशाचा चष्मा?"

शिशाचा चष्मा. साहेबांचा तो जाड चष्मा मी रोज पुसायची. मला वाटायचं, नंबरचा आहे. बिचाऱ्यांची नजर अधू, म्हणून मला त्यांची दया यायची. परतीच्या बसमध्ये मी रडले नाही. अंगाची आग होत होती. साहेबांना सगळं माहीत होतं. रोज तो चष्मा डोळ्यांवर चढवताना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी हिंगणीचं एक पोर आलं, कोपर मोडलेलं. "मावशी, धर."

"एप्रन दे भाऊ, मंग धरतो. चष्मा बी."

भाऊ हसला. तेवढ्यात साहेब आले. "एप्रन स्टाफसाठी असतो," म्हणाले.

"मंग मी कोन आहो, साहेब?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भाऊला म्हणाले, "दुसरीला बोलाव."

दुसरी म्हणजे यंदाच कामाला लागलेली बाई. आम्ही दोघी एकत्र डबा खायचो. ती मान खाली घालून माझ्या बाजूनं आत गेली. दार लागलं. लाल दिवा लागला. तो लागलेला असताना मी पहिल्यांदाच बाहेर होते. आत ती होती, तशीच, एप्रनशिवाय.

दुपारी ती डबा घेऊन जिन्याखाली जाऊन बसली. मला फरशी पुसायच्या कामावर टाकलंय. आता कुणी माझ्याशी बोलत नाही.

नका बोलू. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं तेव्हा होईल. उद्या सकाळच्या बसनं मी येणार आणि ती एक्स-रेच्या खोलीशी आली की दार अडवून उभी राहणार. तो चष्मा कशाचा आहे ते तिला सांगणार, सगळ्यांसमोर सांगणार. मला ढकलायचं तर ढकला. काढून टाकायचं तर टाका. आपल्या पायांनी मी जाणार नाही. खुंटीवरचा एप्रन आधी तिच्या अंगावर चढेल, मग तुमचा लाल दिवा लागेल.